तीसपैकी तीस

बडोद्यात दांडिया बाजाराच्या बाजूला एका गणेशोत्सव मंडळाची नृत्यस्पर्धा दरवर्षी होते आणि तिला मी बरीच वर्षे परीक्षक म्हणून जाते. मांडवात फळ्यांचा मंच घातलेला असतो, समोर सतरंज्यांवर आळीतली मंडळी दाटीवाटीने बसतात आणि कडेच्या टेबलाशी आम्ही तिघे परीक्षक. प्रत्येकाकडे दहा गुण, म्हणजे एकूण तीस. दूरचित्रवाणीवरील नृत्याचे कार्यक्रम पाहूनच मंडळाच्या मुलांनी ही पद्धत उचलली आहे. दोन वर्षांपूर्वी निकाल लागल्यावर एक गृहस्थ गुणपत्रक हातात घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलीने भरतनाट्यममधील गणेश कौत्वम ही गणेशवंदना सादर केली होती आणि मी तिला दहापैकी सहा गुण दिले होते. "ताई, टीव्हीवर पाय घसरून पडला तरी आठ देतात," ते म्हणाले. "माझी पोर एकदाही चुकली नाही. मग सहाच का?"

मी त्यांना कारण सांगितले. भरतनाट्यमचा सगळा डोलारा अर्ध्या बैठकीवर उभा असतो. गुडघे बाहेरच्या बाजूला वळलेले, टाचा जवळ, पाठ ताठ, आणि जमिनीपासूनची कमरेची उंची संपूर्ण नृत्तात तेवढीच राहिली पाहिजे. या बैठकीला अरैमंडी म्हणतात. मुलीने सुरुवात फार सुंदर केली होती. पण जतीची, म्हणजे तालाच्या बोलांवरील पदन्यासाची, लय दुप्पट झाली तशी ती हळूहळू वर येत गेली आणि शेवटच्या तीरमानाला, म्हणजे समारोपाच्या बोलांना, तर जवळजवळ उभ्यानेच नाचत होती. हात ठिकाणावर होते, ताल पक्का होता, चेहरा प्रसन्न होता. तिच्या वयाच्या मानाने सहा हे चांगले गुण होते, कारण त्या संध्याकाळी माझ्या पत्रकावर सर्वांत जास्त गुण साडेसात होते. गृहस्थांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाले, "तुमचं पटतं मला. पण सहा म्हणजे चांगले, हे आता कुणाला कळणार?"

त्यांच्या या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि हा लेख मी त्या प्रश्नापायीच लिहीत आहे. सेलिब्रिटींच्या नृत्यस्पर्धांत गुणांची जी उधळण चालते तिच्याकडे आपण करमणुकीचा एक भाग म्हणून काणाडोळा करतो. मला ती गोष्ट इतकी साधी वाटत नाही. त्या मंचासमोर बसलेल्या परीक्षकांनी परीक्षण सोडून प्रेक्षकाचे काम पत्करले आहे, आणि त्यांच्या हातातील अंक हा टाळ्यांचाच एक प्रकार झाला आहे. टाळ्या वाजवायला सभागृह भरलेले असते. अंक देणारे मात्र तिघेच असतात, आणि त्यांनी आपले काम सोडले तर ते करणारे दुसरे कोणी तिथे नसते.

हा प्रकार आपल्याकडे कसा आला ते थोडक्यात पाहू. १९९६ मध्ये सोनी वाहिनीवर 'बूगी वूगी' सुरू झाला, तो सामान्य घरांतल्या मुलांचा आणि मोठ्यांचाही कार्यक्रम होता. २००५ मध्ये 'नच बलिये' आला आणि त्याच्या पहिल्याच पर्वात सचिन आणि सुप्रिया पिळगावकर विजेते ठरले, तेव्हा बडोद्यातल्या मराठी घरांतही आनंद झाला होता. पुढे झी मराठीवरील 'एकापेक्षा एक' मध्ये सचिन 'महागुरू' म्हणून परीक्षकाच्या खुर्चीत बसले. दरम्यान २००४ मध्ये ब्रिटनमध्ये बीबीसीने 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग' सुरू केले होते. त्याचा साचा घेऊन २००५ मध्ये अमेरिकेत 'डान्सिंग विथ द स्टार्स' आणि २००६ मध्ये आपल्याकडे 'झलक दिखला जा' आले. नृत्याशी व्यावसायिक संबंध नसलेली प्रसिद्ध व्यक्ती, तिच्या सोबत एक नृत्यदिग्दर्शक, समोर दहाच्या पाट्या घेऊन बसलेले परीक्षक आणि घरी बसून मत देणारे प्रेक्षक, अशी ही रचना आहे. रचना म्हणून ती मला वाईट वाटत नाही. न नाचणारा माणूस नाच शिकताना पाहणे ही खरोखर पाहण्यासारखी गोष्ट आहे, कारण शिकण्याची धडपड कोणत्याही कसबी कलाकाराच्या सफाईपेक्षा आपल्याला जवळची असते.

मूळ ब्रिटिश कार्यक्रमाच्या २००४ मधील दुसऱ्या पर्वाची एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. तिथे चार परीक्षक, म्हणजे एकूण चाळीस गुण. त्या एकाच पर्वात क्वेंटिन विल्सन या स्पर्धकाला एका नृत्यासाठी चाळीसपैकी आठ गुण मिळाले, आणि अंतिम फेरीत जिल हाफपेनी यांच्या जाइव्ह या जलद नृत्याला कार्यक्रमाच्या इतिहासातील पहिले पूर्ण चाळीस मिळाले. आठ आणि चाळीस! पट्टी एकच होती आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत वापरली गेली. म्हणूनच त्या चाळिसाचा अर्थ प्रेक्षकाला कोणी समजावून सांगावा लागला नाही.

आपल्या वाहिन्यांवर हीच पट्टी सातपासून सुरू होते. पहिल्या आठवड्यात ज्याला ताल सापडत नाही त्याला सात, ज्याला थोडाफार सापडतो त्याला आठ. तिसऱ्या आठवड्यात नऊ नित्याचे होतात आणि पर्व निम्म्यावर येईपर्यंत पूर्ण तीस गुण ही आठवड्यातून दोन-तीनदा घडणारी गोष्ट होऊन बसते. एवढ्यावर भागत नाही, तेव्हा उभे राहून टाळ्या, मंचावर जाऊन मिठी, डोळे पुसणे हे सगळे सुरू होते. कारण अंकाने जे सांगता येत नाही ते अंगविक्षेपाने सांगावे लागते. ज्या स्पर्धकाला मागच्या आठवड्यात 'पावले कच्ची आहेत' म्हणून आठ मिळाले, त्यालाच या आठवड्यात तशाच कच्च्या पावलांवर दहा मिळतात, कारण मधल्या काळात त्याच्या दुखऱ्या खांद्याची आणि आईच्या आजारपणाची चित्रफीत दाखवलेली असते. एखाद्या जोडीला 'नृत्य कमी आणि कसरत जास्त' म्हणून गुण कापले जातात आणि पुढच्याच जोडीला दोरीला लटकून केलेल्या कसरतीवर पूर्ण गुण मिळतात. नवा चित्रपट घेऊन पाहुणे आले असतील तर त्या भागात सगळ्यांचाच नाच उत्तम होतो.

यात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र मिसळल्या जातात आणि त्या वेगळ्या करणे गरजेचे आहे. एक परीक्षक कडक आणि दुसरा सढळ असणे हा दोष नाही. जो परीक्षक सगळ्यांनाच दोन गुण कमी देतो त्याच्यामुळे कोणाचाही क्रम बदलत नाही. आपल्याला त्याचा राग येतो, पण अन्याय कोणावर होत नाही. अन्याय होतो तो एकच परीक्षक एका संध्याकाळी दोन पट्ट्या वापरतो तेव्हा. कडकपणाची तक्रार आपण नेहमी करतो आणि या दुसऱ्या, खऱ्या दोषाकडे दुर्लक्ष करतो, कारण तो गोड बोलून केलेला असतो.

सढळपणाचा एक परिणाम तर खुद्द परीक्षकांच्याही लक्षात येत नसावा, असे मला वाटते. समजा दोन स्पर्धक आहेत. पहिले दोन परीक्षक उदार आहेत. ते पहिल्या स्पर्धकाला दहा आणि दुसऱ्याला नऊ देतात. तिसरा परीक्षक पहिल्याला सहा आणि दुसऱ्याला नऊ देतो. बेरीज केली तर पहिल्याचे सव्वीस आणि दुसऱ्याचे सत्तावीस होतात. तिघांपैकी दोघांच्या मते पहिला सरस होता, तरी जिंकतो दुसरा. म्हणजे नऊ आणि दहाच्या पलीकडे पट्टी न वापरणाऱ्या परीक्षकाने आपले मत आपल्याच हाताने हलके करून टाकलेले असते, आणि जो गुणांत मोठे अंतर ठेवतो त्याच्या एकट्याच्या मतावर निकाल ठरतो. मांडवातल्या आमच्या छोट्या स्पर्धेत मी हे स्वतः दोनदा घडताना पाहिले आहे. सगळ्यांना नऊ देणारे आमचे एक सहपरीक्षक मनाने अतिशय चांगले आहेत. मुलांचे मन मोडू नये एवढीच त्यांची इच्छा असते. पण त्यांनी ज्या मुलाला मनातून पहिला ठरवले होते तो तिसरा आला, आणि तो का तिसरा आला हे त्यांना कागदावर बेरीज मांडून दाखवावे लागले.

प्रेक्षकांच्या मतांशी गुणांची सांगड घातली की हेच आणखी मोठ्या प्रमाणावर घडते. परीक्षकांचे निम्मे वजन आणि प्रेक्षकांचे निम्मे वजन, असे सांगितले जाते. चार स्पर्धकांना तीस, एकोणतीस, एकोणतीस आणि अठ्ठावीस गुण मिळाले असे धरू. एकूण ११६ गुणांतील त्यांचा वाटा टक्क्यांत काढला तर पहिल्याचा जवळपास २६ आणि शेवटच्याचा २४ येतो. अंतर दोन टक्क्यांचेही नाही. प्रेक्षकांची मते मात्र कोणाला ४० टक्के तर कोणाला १० टक्के मिळू शकतात. आता या दोन्हींची बेरीज केल्यावर परीक्षकांचे निम्मे वजन उरले कुठे? तेच गुण तीस, चोवीस, अठरा आणि बारा असे असते तर पहिल्या आणि शेवटच्या स्पर्धकातील अंतर एकवीस टक्क्यांच्या वर गेले असते. कागदावरील नियम दोन्ही वेळा एकच आहे. पहिल्या वेळी परीक्षकांनी आपला अधिकार उदारपणे सोडून दिला आहे, एवढाच काय तो फरक. नंतर एखादा लोकप्रिय पण नाचात कच्चा स्पर्धक जिंकला की हेच परीक्षक 'जनतेचा कौल' म्हणून मान तुकवतात.

अमेरिकेच्या 'डान्सिंग विथ द स्टार्स' मध्ये २०१८ साली असा प्रसंग आला. परीक्षकांच्या गुणांत मागे राहिलेले रेडिओ निवेदक बॉबी बोन्स प्रेक्षकांच्या मतांवर विजेते ठरले, त्यावर बरीच ओरड झाली, आणि पुढच्या पर्वात शेवटच्या दोन जोड्यांपैकी कोणाला ठेवायचे हे ठरवण्याचा अधिकार परीक्षकांना देण्यात आला. ब्रिटनमध्ये गुणांची थेट बेरीज न करता परीक्षकांच्या गुणांवरून क्रम लावतात आणि क्रमाला अंक देतात. ही पद्धत अधिक न्याय्य आहे, पण बरोबरी झाली तर तिचीही कोंडी होते. डिसेंबर २००८ च्या उपांत्य फेरीत तीनच जोड्या उरल्या होत्या आणि पहिल्या दोघींचे गुण नेमके सारखे झाले. दोघींना तीन-तीन आणि तिसरे स्पर्धक टॉम चेंबर्स यांना एक अंक मिळाला, आणि मग लक्षात आले की प्रेक्षकांनी त्यांना कितीही मते दिली तरी ज्या शेवटच्या दोघांपैकी एकाला बाहेर जावे लागते, त्यांतून ते सुटूच शकत नाहीत. मतदान सुरू झाले होते, लोकांचे पैसे खर्च झाले होते. शेवटी तिघांनाही अंतिम फेरीत घेतले गेले, आणि अंतिम फेरी चेंबर्स यांनीच जिंकली. गुण जितके वरच्या टोकाला गर्दी करतील तितक्या अशा बरोबऱ्या वाढतात, हे सांगायला गणिती असण्याची गरज नाही.

परीक्षक आणि प्रेक्षक यांत फरक करायला आपण पश्चिमेकडून शिकण्याची आवश्यकता नाही. भरताने नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात तो फार बारकाईने केला आहे. प्रयोग यशस्वी झाला हे कशावरून ओळखावे, या प्रश्नाचा विचार करताना तो आधी प्रेक्षकांकडे पाहतो. त्यांचे स्मित, त्यांचे मोठ्याने हसणे, 'साधु', 'अहो' असे उद्गार, अंगावर उभे राहणारे रोमांच, आसनावरून उठणे, अंगावरचे वस्त्र किंवा बोटातली अंगठी काढून देणे, या सर्वांना तो मानुषी सिद्धीची, म्हणजे माणसांच्या प्रतिसादातून दिसणाऱ्या यशाची, लक्षणे मानतो. हे सगळे त्याला हवेच आहे. पण त्यानंतर तो प्राश्निकांची, म्हणजे परीक्षकांची, व्यवस्था सांगतो. यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, राजा, धनुर्विद्या जाणणारा, चित्रकार, गणिका, गायनवादन जाणणारा आणि राजसेवक, असे हे प्राश्निक. ज्याला ज्यातले कळते त्याने त्याच गोष्टीचे परीक्षण करावे. त्यांनी मंचापासून बारा हातांवर बसावे, आणि प्रयोगातील घात म्हणजे दोष मोजून टिपून ठेवण्यासाठी लेखक आणि गणक असावेत. शेवटी विजयाची पताका दिली जाते ती या हिशेबावर.

म्हणजे उठून उभे राहणे, डोळे भरून येणे, अंगठी काढून देणे ही प्रेक्षकांची कामे आहेत आणि ती त्यांनी मनापासून करावीत. बारा हातांवर बसलेल्याने मोजावे. आज आपल्या पडद्यावर ज्याला मोजायला बसवले आहे तोच सर्वांत आधी उठून उभा राहतो. बारा हातांचे अंतर भरताने केवळ नीट दिसावे म्हणून सांगितले असेल, तरी मला त्यात आणखीही काही दिसते. इतक्या अंतरावर बसलेल्या माणसाला भारावून जायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात त्याला पाय पाहता येतात.

यावर नेहमी सांगितले जाते की हे सगळे मनोरंजन आहे, त्याला परीक्षेचे नियम लावू नयेत. मनोरंजन असेल तर अंक काढून टाकावेत. माझा त्याला काहीच विरोध नाही. जाणकार माणसे बसावीत, नाचाबद्दल बोलावीत, आणि कोण राहणार हे प्रेक्षकांनी ठरवावे. पण अंक दाखवला की तो दाव्यासारखा असतो: आम्ही मोजले आहे आणि हे इतके भरले. भाजीवाल्याने तराजू लावला असेल तर त्याचे माप बरोबरच हवे. तो अंदाजे देणार असेल तर त्याने तराजू लावू नये.

दुसरा आक्षेप अधिक सहृदय आहे. ही माणसे नर्तक नाहीत, आयुष्यात पहिल्यांदा मंचावर उभी राहतात, त्यांना उत्तेजन नको का? हवे, आणि ते शब्दांनी पुष्कळ देता येते. पण गुणांनी दिलेले उत्तेजन शिकणाऱ्याच्या मुळावर येते, हे मी शिक्षिका म्हणून खात्रीने सांगू शकते. पहिल्या आठवड्यात ज्याला चार मिळाले त्याला दहाव्या आठवड्यात आठ मिळाले, तर त्याने काय कमावले ते सगळ्या देशाला दिसते. पहिल्याच आठवड्यात आठ मिळालेल्याच्या वाट्याला दहाव्या आठवड्यात जास्तीत जास्त दहा येणार. ज्याने खरोखर मेहनत घेतली, रात्री तालीम केली, सुजलेल्या पायांनी पुन्हा उभा राहिला, त्याची आणि फक्त सराईतपणे हसत राहिलेल्याची वाढ पडद्यावर सारखीच दिसते. 'प्रवास' या शब्दाचे या कार्यक्रमांत फार कौतुक असते, आणि प्रवास मोजण्याचे एकमेव साधन हीच मंडळी पहिल्या दिवशी मोडून टाकतात.

कमी गुणांनी माणसाचा अपमान होतो, असेही म्हणतात. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग हा नृत्यप्रकार आला. नऊ परीक्षक होते आणि तंत्र, शब्दसंग्रह म्हणजे हालचालींची विविधता, सादरीकरणाची सफाई, संगीताशी मेळ आणि नावीन्य, या पाच निकषांवर ते दोन स्पर्धकांची तुलना करून कौल देत होते. ऑस्ट्रेलियाच्या रेचेल गन तीनही लढतींत हरल्या आणि त्यांना एकाही परीक्षकाचा कौल मिळाला नाही. नंतर जगभर त्यांची जी टिंगल झाली ती फार क्रूर होती, पण ती परीक्षकांनी केली नव्हती. परीक्षकांनी समोरच्या स्पर्धकाचे नृत्य सरस ठरवले, एवढेच केले. प्रामाणिक शून्य आणि हेटाळणी यांत हे एवढे अंतर आहे.

ज्या खेळांत सौंदर्याला गुण द्यावे लागतात त्यांना हे सगळे प्रश्न आपल्या आधी पडले आणि त्यांनी ठेचा खाऊन उत्तरे शोधली. १९७६ मध्ये मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्ट नादिया कोमानेची यांना दहापैकी दहा मिळाले तेव्हा गुणफलकावर १.०० असे दिसले, कारण दहा दाखवण्याची सोयच त्यात नव्हती. असा दहा! पुढे दहाची संख्या आणि वाद दोन्ही वाढत गेले, आणि २००६ पासून जिम्नॅस्टिक्सने कठीणपणाचे गुण आणि सफाईचे गुण वेगळे केले. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमध्ये जोडीच्या स्केटिंगमध्ये परीक्षकांच्या साटेलोट्याचे प्रकरण बाहेर आले, कॅनडाच्या जोडीला दुसरे सुवर्णपदक द्यावे लागले, आणि दशकानुदशके चाललेली सहा गुणांची पद्धत मोडीत काढून प्रत्येक घटकाला वेगळे गुण देणारी पद्धत आली. ज्या बॉलरूम नृत्यावर हे सेलिब्रिटी कार्यक्रम मुळात बेतलेले आहेत, त्याच्या स्पर्धांतील अंतिम फेरीची जुनी रीत तर आणखी साधी आहे. तिथे परीक्षक गुण देतच नाहीत, फक्त क्रमांक लावतात, आणि बहुसंख्य परीक्षकांनी ज्या जोडीला पहिला क्रमांक दिला ती पहिली. सगळ्यांना नऊ देण्याची सोयच त्यात ठेवलेली नाही.

बडोद्यात राहून मी हे लिहिते आहे, त्यालाही एक कारण आहे. १८८० मध्ये सयाजीराव महाराजांचा विवाह तंजावरच्या राजघराण्यातील लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाई महाराणींशी झाला, तेव्हा त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी, नट्टुवनार म्हणजे नृत्यगुरू आणि वादक बडोद्यात आले. दक्षिणेतले हे नृत्य इथे दरबारात रुजले आणि त्या घराण्यातील कुबेरनाथ तंजोरकर यांनी पुढे बडोद्यात ते शिकवले. सूरसागर तलावाकाठच्या विद्यापीठाच्या प्रयोगकला विद्याशाखेत आम्ही शिकलो तेव्हा प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक येत. मला आठवते, एका वर्षी त्यांनी माझ्याकडून बराच वेळ केवळ तट्टडवू, म्हणजे पाय आपटण्याचा अगदी पहिला धडा, करून घेतला. पहिला काळ म्हणजे लय, दुसरा काळ, तिसरा काळ, पुन्हा पहिला. वर्णम आणि पदम या मोठ्या रचना तयार केल्या होत्या, त्या त्यांनी नंतर थोड्याशाच पाहिल्या. बैठक टिकते की नाही हे त्यांना पाहायचे होते. ती टिकली नाही आणि गुण तसेच मिळाले. त्या गुणांवर मी पुढचे वर्षभर काम केले, कारण ते खरे आहेत याबद्दल मला शंका नव्हती.

नवरात्रात या शहरात हजारो माणसे गोल धरून गरबा करतात. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने गरब्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, त्याचा इथल्या मराठी माणसालाही तेवढाच आनंद झाला. त्या गोलात कोणी कोणाला गुण देत नाही आणि देऊही नयेत. ज्या नाचात स्पर्धा नाही तो मोकळा आहे. पण काही मैदानांवर उत्कृष्ट खेलैयाला बक्षीस देतात, आणि तिथेही आता परीक्षक वेषाकडे, आरशांच्या कामाकडे आणि कॅमेऱ्यासमोरच्या गिरक्यांकडे पाहून नावे निवडताना दिसतात. टाळी समेवर पडते की नाही इकडे पाहणारे कमी झाले आहेत. दूरचित्रवाणीवरची सवय घरापर्यंत येते ती अशी.

वाहिन्यांनी काय करावे, हे सांगण्याचा अधिकार प्रेक्षक म्हणून आपल्याला आहे. पर्वाच्या पहिल्या भागात प्रत्येक अंकाचा अर्थ जाहीर करावा आणि तो शेवटपर्यंत बदलू नये. तिन्ही परीक्षकांनी गुण आधी नोंदवावेत आणि मग बोलावे. आज पहिला परीक्षक भारावून बोलला की पुढच्या दोघांच्या पाट्या आपोआप वर सरकतात. घरच्या अडचणींची चित्रफीत दाखवायची असेल तर ती गुण नोंदवल्यानंतर दाखवावी. नृत्यदिग्दर्शकाने बसवलेल्या रचनेचे गुण आणि स्पर्धकाने ती कशी नाचली याचे गुण वेगळे असावेत, कारण सध्या उत्तम दिग्दर्शक मिळालेला कच्चा स्पर्धक दुसऱ्याच्या बुद्धीचे गुण खातो. पूर्ण गुण देणाऱ्या परीक्षकाने आपल्याला त्यात एकही दोष दिसला नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. आणि कॅमेऱ्याने पाय दाखवावेत. चेहऱ्याची जवळची दृश्ये, प्रेक्षकांतल्या नातेवाइकांचे डोळे आणि वरून घेतलेले झोके यांत निम्मा नाच आपल्याला दिसतच नाही, आणि जे दिसले नाही त्याचे गुण बरोबर की चूक हे आपण ठरवू शकत नाही.

आमच्या मंडळाने यातले जेवढे जमण्यासारखे होते तेवढे गेल्या वर्षी केले. गुणपत्रकाच्या मागच्या बाजूला प्रत्येक अंकाचा अर्थ छापला: चार म्हणजे ताल सांभाळला, सहा म्हणजे ताल आणि अंगशुद्धी दोन्ही बऱ्यापैकी, आठ म्हणजे शेवटपर्यंत टिकलेली बैठक आणि अभिनयही, दहा म्हणजे परीक्षकाला दोष सापडला नाही. तोच तक्ता मांडवाच्या खांबावर लावला. निकाल गुणांच्या बेरजेऐवजी प्रत्येक परीक्षकाने लावलेल्या क्रमावरून काढला. मुले स्पर्धेला यायची नाहीत, अशी कार्यकर्त्यांना भीती होती. मांडव नेहमीसारखाच भरला होता. ती मुलगी, आता बारा वर्षांची, या वेळीही होती. तिला माझ्याकडून सात मिळाले. तिच्या वडिलांनी खांबावरचा तक्ता वाचला आणि मला लांबूनच नमस्कार केला. मुलगी मात्र टेबलापाशी आली, तिथेच अरैमंडीत बसली आणि विचारू लागली, "ताई, लय वाढली की माझ्या टाचा अजून सुटतात का?"